गेटवरची हजेरी : पाचपाखाडी पुनर्विकास साइटच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

सोमवार, ३ जून

आजपासून पेटी कंत्राटदारांची, म्हणजे आमच्याकडून कामाचे तुकडे घेणाऱ्यांची, कागदपत्रं आणि साइटची सुरक्षा माझ्याकडे आली. स्लॅबचं काम आहेच, हे त्यावर वाढलेलं. पूर्णवेळ सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगारांपासून आहे. आमच्याकडे गर्दीच्या दिवशीही नव्वदच्या आसपास माणसं. अशा साइटवर हे काम कुणाचं, तर त्या दिवशी ज्याला सवड असेल त्याचं. गेली दीड वर्षं तसंच चाललं होतं.

ठाण्यात पाचपाखाडीतली जुनी चार मजली सोसायटी पाडून तळमजला अधिक चौदा. पाच स्लॅब झाले, सहाव्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा प्लाय-टेकूंचा साचा, चालू आहे. पेटी कंत्राटदार सहा: सेंट्रिंग, सळई, ब्लॉकचं काम, प्लंबिंग, वायरिंग आणि खोदकाम.

सकाळी सहाही फायली वाचून काढल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर सेंट्रिंगची फाइल काखेत घेऊन वर गेले आणि माणसं मोजली. फाइलमध्ये ११ नावं, स्लॅबवर २४ माणसं. त्या २४ मधली फाइलमध्ये सापडली फक्त सात. उरलेल्या चार नावांबद्दल मुकादमांना विचारलं. दोघं गावी गेलेत, एक भिवंडीच्या साइटवर आहे आणि चौथ्याला ते ओळखतच नाहीत. म्हणजे सतरा माणसं अशी, की त्यांतल्या कुणाला आज काही झालं तर घरी फोन कुणाला करायचा हेही आमच्या ऑफिसात कुणाला सांगता येणार नाही. त्या सतरांतल्या एकाला मी गेले दोन महिने रोज "भाऊ, टेकू ओळंब्यात घ्या" म्हणून सांगतेय. नाव आज विचारलं.

कामगार नुकसानभरपाईच्या पॉलिसीही पाहिल्या. सहापैकी चारच फायलींत आहेत. सेंट्रिंगवाल्यांची पॉलिसी १० माणसांची, पगार महिना आठ हजार दाखवलेला, मुदत ३० जूनला संपते. वायरिंगवाल्यांच्या पॉलिसीवर कामाचं ठिकाण डोंबिवली. ही फाइल तपासून कुणीतरी सही केलेली आहे. सहीखाली तारीख नाही.

मंगळवार, ४ जून

लोकसभेच्या निकालाचा दिवस. साइटवर सगळ्यांचे डोळे मोबाइलमध्ये. परांचीवर आणि स्लॅबच्या कडेला मोबाइल काढायचा नाही एवढं दोनदा फिरून सांगितलं. बाकी काही पुढे सरकलं नाही.

शुक्रवार, ७ जून

सहाही कंत्राटदारांना ऑफिसात बसवलं. पाच आले. खोदकामवाल्यांनी पुतण्याला पाठवलं.

पहिलंच वाक्य अपेक्षेप्रमाणे आलं, "मॅडम, आमची माणसं पन्नासच्या आत आहेत, आम्हाला कायदा लागत नाही." त्यांना म्हणायचा असतो तो १९७० चा ठेका कामगार कायदा. त्याचा परवाना महाराष्ट्रात ५० माणसांपासून लागतो हे खरं. पण हा एकच आकडा सगळ्यांनी पाठ केलाय. बांधकाम कामगार कायदा १० माणसांपासून लागतो. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे फंड, २० पासून, आणि आमच्या कंपनीला तो लागू असल्यामुळे आमच्या साइटवरच्या कंत्राटदाराची पाच माणसंही त्यात येतात. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचंही तसंच. आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा एका माणसालाही लागतो.

फळ्यावर एक हिशेब मांडून दाखवला. तीस वर्षांचा माणूस, महिना पंधरा हजारांवर कमावणारा, ईएसआयमध्ये नोंद नाही आणि कामावर असताना दगावला. कायदा पगाराची कमाल मर्यादा १५,००० धरतो. त्याचे निम्मे ७,५००. तीस वर्षांसाठीचा गुणक २०७.९८. गुणाकार १५,५९,८५०. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग प्लंबिंगवाले म्हणाले, "एवढे माझ्याकडे विकूनही निघणार नाहीत."

नाही निघणार. म्हणूनच त्याच कायद्याच्या १२ व्या कलमात रक्कम आधी मुख्य मालकाकडून, म्हणजे कंत्राट देणाऱ्या कंपनीकडून, घ्यायची सोय आहे. मालकाने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. पगाराचंही तेच, ठेका कामगार कायद्याचं २१ वं कलम सांगतं की कंत्राटदाराने पगार थकवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा. काम खाली वाटता येतं, जबाबदारी फिरून वरच येते. हे मी कंत्राटदारांना सांगत होते, पण खरं म्हणजे आमच्या डायरेक्टर साहेबांनी ऐकायला हवं होतं. ते नव्हते.

सोमवार, १० जून

पाऊस आला. काल रात्री चांगला झोडपला, सकाळी तळमजल्यावर घोट्याएवढं पाणी.

सगळ्यात आधी विजेचे बोर्ड. एकूण नऊ. प्रत्येक बोर्डवर अर्थ लीकेज ब्रेकर असतो, वीज गळली की पुरवठा तोडणारा; त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहिलं. ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बटण दाबताच पडला पाहिजे. सहा पडले. दोन नुसतेच शोभेला, दाबून दाबून बोट दुखलं. नववा बोर्ड चौथ्या मजल्यावर कटिंग मशीनचा. त्याचं झाकण उघडलं तर ब्रेकरच्या वरून तारेचा तुकडा टाकून तो पार बाजूला केलेला. मशीनला पिनच नाही, वायरीची दोन उघडी टोकं सॉकेटच्या भोकांत आणि ती सुटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या. खाली ओला प्लायवूड.

मशीनवर बसलेला पोरगा म्हणाला, "ब्रेकर सारखा पडतो हो मॅडम, काम होत नाही." पडतो कारण वायर कुठेतरी कातरली गेलीय. ती सापडली, जिन्याच्या वळणावर सळईच्या टोकाखाली दबलेली, दीड इंच तांबं उघडं. मेन बंद करून ती वायर कापून काढली आणि ऑफिसात टेबलावर ठेवली आहे. वायरिंगवाल्यांना उद्या सकाळपर्यंत नऊच्या नऊ बोर्ड नीट करून द्यायला सांगितलं. तोवर कटिंग मशीन बंद.

बुधवार, १२ जून

ब्लॉकच्या कामावरची एक बिगारी ताई ऑफिसच्या दाराशी उभी होती. किनवटकडची. मार्चपासून इथे आहे. तिला नव्वद दिवसांचा दाखला हवाय. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंद करायला तो लागतो: वय १८ ते ६०, गेल्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम. नोंदणीची फी एक रुपया. तिच्या कंत्राटदाराने "बघू" म्हणून दोनदा परत पाठवलं. तिची मुलगी आठवीत आहे, मंडळाकडून शाळेसाठी पैसे मिळतात हे तिला दुसऱ्या साइटवरच्या बाईने सांगितलं.

कंत्राटदारांना विचारलं तर म्हणाले, सही केली म्हणजे ही माझी माणसं असं लिहून दिल्यासारखं होतं, उद्या फंडवाले मागे लागतील. लागतीलच, लागायलाच हवेत. या इमारतीच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर मंडळासाठी भरला गेलाय. पैसा या बायांच्या नावाने जमा होतो आणि एका सहीवाचून त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. याचा मला फार राग आला. दाखल्याचं काम माझ्या यादीत घेतलं.

शनिवार, १५ जून

फंड आणि ईएसआयची चलनं भरायची शेवटची तारीख. संध्याकाळपर्यंत दोघांचीच आली. सळईवाल्यांचं चलन नीट आहे, १४ नावं, १४ माणसं, आकडे जुळतात. त्यांच्याकडे एक म्हातारे हिशेबनीस आहेत, सगळं श्रेय त्यांचं.

सेंट्रिंगचे कंत्राटदार सातच्या सुमाराला स्वतः आले. रागावून नाही, दराचा कागद घेऊन आले. चौरस मीटरचा दर दाखवला. त्यात मजुरी, प्लाय, टेकूचं भाडं, तेल. म्हणाले, "मॅडम, यात फंड कुठाय दाखवा. बेल्ट कुठाय दाखवा. तुमच्या ऑफिसने तीनदा दर खाली आणला, तेव्हाच बेल्ट त्यातून गेला."

मी कागद दोनदा वाचला. त्यांचं खरं आहे. पंधरा हजारांच्या पगारावर मालकाचा वाटा फंडाला १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, ईएसआयला ३.२५ टक्के म्हणजे ४८८, शिवाय फंडाचा प्रशासकीय आकार. चोवीस माणसांचे महिना पन्नास हजारांच्या वर जातात. हे पैसे दरात नव्हतेच. आणि आमच्याकडून त्यांचं बिल निघायला दीड-दोन महिने लागतात, चलन मात्र दर १५ तारखेला. मग ११ नावं भरतात आणि १३ माणसं हवेत ठेवतात.

म्हणून नियम मोडायची मोकळीक द्यायची असं नाही. पण दर ठरवताना जे आपणच काढून घेतलं ते गेटवर उभं राहून मागायचं, हेही बरोबर नाही. सोमवारी साहेबांशी बोलणार.

मंगळवार, १८ जून

सेंट्रिंगचे बेल्ट तपासले. चौदा. त्यांतले नऊ नुसते कमरेचे पट्टे. कमरेच्या पट्ट्यावर माणूस लटकला तर सगळा झटका पोटाला आणि कण्याला बसतो, उंचीवरच्या कामाला पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. उरलेले पाच हार्नेस आहेत. एकेक हातात घेतला. पहिल्याच्या हुकाची खिट्टी सिमेंटच्या रबडीने घट्ट बसलेली. अंगठ्याने दाबली तर आत गेली आणि बाहेर आलीच नाही. असा हुक पाइपला अडकलेला दिसतो, पण जरा वळला की आपोआप निसटतो. तिसऱ्याच्या खांद्यावरची शिलाई उसवून मांजा लोंबत होता. आयएस ३५२१ चा शिक्का एकावरच वाचता आला.

पाचांतले दोन ठेवले. बाकीचे बारा कात्रीने कापून टाकले, सगळ्यांसमोर. नुसते बाजूला ठेवले तर परवा पुन्हा कुणाच्या तरी कमरेला दिसतात.

गुरुवार, २० जून

साहेबांशी दीड तास. ठरलं ते असं. हार्नेस, हेल्मेट, बूट, जाळी कंपनी घेणार, कंत्राटदाराच्या दरातून नाही. फंड आणि ईएसआयचा मालकाचा वाटा चलनावरची नावं बघून वेगळा मिळणार. चलन आल्यापासून दहा दिवसांत बिल काढायचं. बदल्यात गेटवरच्या नोंदवहीतलं नाव चलनात नसेल तर त्या माणसाच्या कामाचं बिल थांबणार.

साहेब खर्चाच्या आकड्यावर अडले होते. मी ७ तारखेचा फळ्यावरचा गुणाकार त्यांच्या डायरीत लिहून दिला.

सोमवार, २४ जून

गेटची नवी पद्धत सुरू. आधार पाहून वय, घरचा फोन नंबर, कुठल्या कंत्राटदाराकडे, काम कुठलं, रक्तगट, फोटोचं कार्ड. मग अर्धा तास माहिती, माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत, कारण सळईची अर्धी टोळी बंगालातल्या मालद्याची आहे. गेटवर साडेआठला रांग, साडेनऊपर्यंत स्लॅबवर कुणी नाही. प्रोजेक्ट मॅनेजर घड्याळाकडे बघत होते, पण थांबले, याबद्दल त्यांचे आभार.

दोन मुलं परत पाठवली. दोघांचंही वय १६. त्यांतला एक रडायला लागला, गावाहून कालच आला होता, उचल घेऊन झाली होती. मुकादमांना बजावलं की ती उचल पोराकडून वळती करायची नाही आणि परतीचं तिकीट काढून द्यायचं. तिकिटाचा फोटो संध्याकाळी आला.

सोमवार, १ जुलै

आजपासून भारतीय न्याय संहिता लागू. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर जुन्या ३०४ अ कलमात दोन वर्षांपर्यंत कैद होती, नव्या १०६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत. कंत्राटदारांच्या ग्रुपवर एवढंच टाकलं. तासाभरात सेंट्रिंगवाल्यांची नवी पॉलिसी आली: २६ माणसं, खरा पगार, ठिकाण पाचपाखाडी, मुख्य मालक म्हणून आमच्या कंपनीचं नाव.

शनिवार, ६ जुलै

पाण्याच्या टाकीकडून गटाराकडे जाणारी नळाची चर, मागच्या कुंपणाला लागून. लांबी २२ मीटर, खोली २.४. माती वरचा दीड मीटर भरावाची, विटांचे तुकडे, जुन्या सोसायटीचा राडारोडा, खाली मुरूम. संध्याकाळी चरीच्या कडेने चालताना पायाखाली एक भेग दिसली. कडेपासून दोन फुटांवर, कडेला समांतर, पाच-सहा मीटर लांब. करंगळी आत गेली. वरून पाणी झिरपून नाहीसं होत होतं. उकरलेली माती नेमकी त्या भेगेवर रचलेली.

दीड मीटरपेक्षा खोल चरीला फळ्यांचा आधार द्यायचा किंवा बाजू उतरत्या कापायच्या. काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाकायची. उतरायला शिडी. यातलं काहीच नव्हतं. दोन माणसं खाली नळ जोडत होती, त्यांची टोपीसुद्धा वरून दिसत नव्हती. दोघांना वर काढलं. वर येताना त्यांतल्या एकाने मला हात दिला, तो हात किती वेळ धरून ठेवला ते आठवत नाही.

खोदकामवाले म्हणाले, उद्या रविवार, अर्ध्या दिवसात नळ टाकून चर बुजवतो, पाऊस वाढला तर सगळं पाण्यात जाईल. मी नाही म्हटलं. चरीला चारही बाजूंनी पट्टी बांधली, रखवालदार काकांना सांगितलं की उद्या कुणीही, मी किंवा साहेब आलो तरी, चरीत उतरायचं नाही. प्रोजेक्ट मॅनेजरना फोन केला. ते नाराज झाले, पण "तुझा निर्णय" म्हणाले.

सोमवार, ८ जुलै

रात्रभर ओतत होता. लोकल रखडलेल्या, कळव्याहून रिक्षा, मग गुडघाभर पाण्यातून चालत. साइटवर पोहोचायला सव्वादहा.

चर नाही. म्हणजे आहे, पण भेगेपासूनचा भाग पूर्ण आत बसलाय, सहा मीटर लांबीत कडा सपाट, त्यावर चहासारखं पाणी. शनिवारी जिथे ती दोघं वाकून नळ जोडत होती, ती जागा मातीखाली पाच फूट. काका म्हणाले पहाटे चारच्या सुमाराला आवाज झाला, ट्रक खाली केल्यासारखा. रविवारी कुणी उतरलं नव्हतं.

खोदकामवाले स्वतः आले, पहिल्यांदाच. बराच वेळ काठावर उभे राहिले. मग म्हणाले, "फळ्या कुठून मागवू सांगा." पंप लावला, पाणी काढायचं पण माणूस खाली नाही. शेजारच्या सोसायटीच्या भिंतीवर खुणेच्या काचपट्ट्या चिकटवल्या, भिंत हलली तर कळेल. तिथल्या सेक्रेटरी काकूंना बोलावून दाखवल्या, न सांगता ठेवलं असतं तर त्यांना फसवल्यासारखं झालं असतं.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. सेंट्रिंगची निम्मी टोळी मराठवाड्याची, चौदा जणांना उपास. मुकादमांशी सकाळीच बोलले: उपासाच्या माणसांना आज कडेचं काम नको, खाली प्लाय साफ करणं, खिळे काढणं. त्यांना वाटलं मी उपासाला नावं ठेवतेय. तसं नाही, माझाही उपास आहे, दुपारी दोनला जिन्यात मलाच कठडा धरावा लागतो. मग पटलं. दहा वाजता ऑफिसातून सगळ्यांना केळी आणि शेंगदाण्याचे लाडू.

मंगळवार, २३ जुलै

अपघात. दुपारी ३.२०, तिसरा मजला, संडासाचा डक्ट, म्हणजे पाइप खाली नेणारी उभी पोकळी.

प्लंबिंगच्या माणसाने डक्टवरचा प्लाय पाइप घालायला बाजूला केला आणि परत टाकताना नुसता ठेवला, ठोकला नाही. त्यांचाच मदतनीस हातात पाइप घेऊन उलटा चालत आला आणि प्लायसकट खाली गेला. दुसऱ्या मजल्यावर डक्टमध्ये फळ्या होत्या म्हणून एकच मजला पडला. टाचेचं हाड मोडलंय. शुद्धीवर होता, पाणी मागत होता. फळीवरच स्ट्रेचर बांधून दोरीने काढायला वीस मिनिटं गेली. जवळच्या इस्पितळात चारच्या आत पोहोचवला.

इस्पितळाच्या काउंटरवर नाव सांगायची वेळ आली. मी गेटपासचं नाव सांगितलं. तो स्ट्रेचरवरून म्हणाला, "हे नाव माझं नाही." कार्ड त्याच्या चुलतभावाचं. भाऊ रविवारी गावी गेला, हा सोमवारी त्याच्या कार्डावर आत आला. फोटो पावसाने पुसट, रखवालदार काकांनी कार्ड पाहिलं, चेहरा नाही.

कंत्राटदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "चुलतभावाचंच नाव राहू द्या. त्याची ईएसआय आहे, सगळा खर्च निघेल. याची नोंदच नाही." मला त्यांची घाबरलेली नजर अजून दिसतेय. पण खोट्या नावावर आज औषधपाणी झालं तर उद्या हा माणूस स्वतःच्या पायासाठी स्वतःच्या नावाने काही मागूच शकणार नाही. शिवाय ती सरळ फसवणूक. खरं नाव लिहिलं.

रात्री कागद घेऊन बसले. कामावर घेतल्यापासून दहा दिवसांत ईएसआयची नोंदणी करायची मुदत असते, हा कालच लागला. कामावरच्या इजेसाठी आधी किती हप्ते भरले हे पाहिलं जात नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. त्याच्या खऱ्या आधारवर, खऱ्या तारखेने नोंदणी केली. गेटच्या कॅमेऱ्याचं कालचं आणि आजचं चित्रण काढून ठेवलं, तो खरंच सोमवारी आला याचा तोच पुरावा.

बुधवार, २४ जुलै

४८ तासांपेक्षा जास्त काम बुडेल अशा अपघाताची सूचना अधिकाऱ्यांना द्यावी लागते. "किरकोळ आहे, कळवायलाच हवं का" असा प्रश्न ऑफिसातून आला. कळवलं. ईएसआयलाही अहवाल, सगळं खरं लिहून: कार्ड दुसऱ्याचं होतं आणि आमच्या गेटने ते पकडलं नाही.

गेटची चूक माझी. पद्धत बसवली आणि महिनाभरात तिच्यावर विसंबले. आता कार्ड काचेच्या आवरणात, आणि काकांच्या टेबलावर फोटोंचा मोठा तक्ता. नाव आत शिरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

डक्टचंही बदललं. पुढच्या स्लॅबपासून डक्टच्या जागेतली सळई कापायची नाही. जाळी तशीच सलग ठेवून काँक्रीट भोवताली ओतायचं. पाइप येईल तेव्हा तेवढाच चौकोन कापायचा. प्लाय हलतो, सळई हलत नाही. झालेल्या मजल्यांवर प्लाय चारही कोपऱ्यांत ठोकून लाल रंगाने "खाली भोक" असं मराठीत, हिंदीत आणि बांगलात. बांगला अक्षरं सळईच्या टोळीतल्या एकाने काढून दिली.

गुरुवार, १ ऑगस्ट

मागच्या वर्षी याच तारखेच्या पहाटे शहापूरला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर टाकायचं यंत्र कोसळून वीस जण गेले. आणि सप्टेंबरात इथून जवळच बाळकुमला लिफ्ट पडून सात, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून खाली येत होते. सकाळच्या बैठकीत दोन मिनिटं शांत उभे राहिलो. त्यानंतर सामान वर नेणाऱ्या आमच्या लिफ्टचा दोर, ब्रेक आणि वरचा मर्यादा स्विच सगळ्यांसमोर तपासला. माणसांनी त्यातून जायचं नाही, हा बोर्ड आहेच. आज तो मोठ्याने वाचून दाखवला, कारण अकरा जणांना वाचता येत नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

ईएसआयकडून मदतनिसाच्या इजेची नोंद मंजूर. काम करता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के मिळतील. त्याने फोनवर विचारलं, "भावाच्या कार्डाबद्दल पोलिस येतील का?" नाही म्हटलं. परत आलास की आधी स्वतःचं कार्ड काढ म्हटलं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

चलनं: सहापैकी सहा. गेटवही आणि चलन यांत फरक दोन नावांचा, दोन्ही नवे आलेले. झेंडावंदनानंतर सळईवाल्यांच्या हिशेबनीस काकांनी बाकीच्या पाच कंत्राटदारांना ऑफिसात बसवून पोर्टल शिकवलं. मी फक्त चहा मागवला.

शनिवार, २४ ऑगस्ट

नव्वद दिवसांचे दाखले. ब्लॉकच्या मुकादमांकडे हजेरीची वही आहे, शाळेची दोनशे पानी, प्रत्येक पानावर नावं आणि रेघा. मार्च ते जून त्या वहीतून, २४ जूनपासून गेटवरून. किनवटच्या ताईंचे १३१ दिवस भरले. कंत्राटदारांनी सही करायला पेन हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. मी म्हटलं, चलनात ही सगळी नावं जुलैपासून आहेतच, आता लपवण्यासारखं उरलंय काय. सही केली. एकूण नऊ जणींच्या.

ताईंनी दाखला पिशवीतल्या पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये, मुलीच्या गुणपत्रिकेच्या मागे ठेवला. फॉर्म भरायला सोमवारी दोन तास सुट्टी हवी म्हणाल्या, पूर्ण पगाराची. दिली.

तिघींचे दिवस कमी पडतात: ८३, ८३ आणि ७९. पाऊस आणि गणपतीच्या सुट्ट्या धरून पहिल्या दोघींचे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरतील, तिसरीचे चतुर्थीनंतर. तारखा गेटच्या तक्त्यावर त्यांच्या फोटोंखाली लिहिल्या.